लस आली तेव्हा तुमचा नंबर कधी लागला? इंदूरकरांनो, लिहा

मंडळी, २०२१ मध्ये कोविडची लस एकदम सगळ्यांना पुरणार नव्हती. म्हणून १६ जानेवारीपासून आरोग्य कर्मचारी, १ मार्चपासून साठीच्या पुढचे आणि ४५च्या वरचे ठरावीक आजार असलेले, १ एप्रिलपासून ४५च्या वरचे सगळे, १ मेपासून अठराच्या वरचे, अशी रांग लागली. ही रांग मला तेव्हाही पटली, आजही पटते. पण केंद्राच्या दारात काय झालं ते सांगा.

माझ्यापासूनच सुरू करते. मे महिन्यात माझ्या वयाला ऑनलाइन नोंदणीशिवाय लस नव्हती. पिनकोड टाकून कॅप्चा भरेपर्यंत स्लॉट संपलेले असायचे. तिसऱ्या दिवशी मिळाला तो चाळीस किलोमीटरवरच्या गावात. तिथे रांगेत सगळे आम्ही शहरातले, गाड्या घेऊन आलेले. गावातली माणसं कडुनिंबाखाली उभी राहून बघत होती. मला फार लाज वाटली, तरी दंड पुढे केलाच. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी माझ्याच वयाच्या, फोन बटणांचा. त्यांना लस मिळाली २१ जूनला, लसीकरणाच्या महाअभियानात, आधार कार्ड दाखवून थेट शाळेत. त्या रोज चार घरं करत होत्या, मी घरात बसून काम करत होते. आधी कोणाला हवी होती?
– सुदामानगर

ताई, मी लस टोचणारी नर्स होते. कोविशील्डच्या एका व्हायलमध्ये दहा डोस, उघडली की चार तासांत संपवायची. संध्याकाळी पाच वाजता समोर तिघंच. उघडावी तर सात डोस वाया, न उघडावी तर तिघांना परत पाठवायचं, आणि त्यातले एक आजोबा रिक्षाचे पैसे उसने घेऊन आलेले. मी उघडायचे. मग रजिस्टरमधले नंबर फिरवायचे, "काका, शेजारी पंचेचाळीसच्या पुढचं कोणी आहे का? लगेच पाठवा." एकदा दहावा डोस केंद्राबाहेरच्या चहावाल्या दादांना दिला. वय बसत होतं, पण आत येऊन विचारायचं धाडस त्यांना झालं नव्हतं.
– रामबाग

वडील ५३ वर्षांचे, मधुमेह सहा वर्षांचा. वीस आजारांच्या यादीत मधुमेह होता तो दहा वर्षांच्या वरचा किंवा गुंतागुंतीचा, आणि सोबत औषध चालू असलेला उच्च रक्तदाब. एक महिना थांबले. राग नाही, रेघ कुठेतरी ओढावी लागतेच.
– लोकमान्य नगर

आमची आजी ८७ वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. १ मार्चपासून तिचा हक्क होता. तिसरा मजला, लिफ्ट नाही. खुर्चीत बसवून उतरवून बघितलं, पहिल्याच वळणावर ती कळवळली, परत वर नेलं. घरी येऊन लस द्याल का म्हणून विचारलं, तर तसा नियम नव्हता. अंथरुणावरच्यांना घरी लस द्यायची परवानगी सप्टेंबरच्या शेवटी आली. आजी ऑगस्टमध्ये गेली.
– नारायण बाग