विषय: दिवाळी चित्रप्रदर्शन ‘सर्वांसाठी खुले’, खरंच का?

नमस्कार मंडळी,

पत्रकात वर ‘सर्वांसाठी खुले’ आणि खाली ‘शुल्क १० पौंड, फ्रेम सक्तीची’. मला हे पटलं नाही.

आपल्या डोळ्यांपुढे लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेचं समर एक्झिबिशन असणार. १७६९ पासून दरवर्षी भरतं, चित्र कुणीही पाठवू शकतं. पण पाठवायला पैसे, पहिली निवड फोटोवरून, आणि अकॅडमीच्या सदस्यांची प्रत्येकी सहापर्यंत चित्रं निवडीविना लागतात. २०१८ मध्ये रस्त्यावरच्या भिंतींवर चित्रं काढणाऱ्या प्रसिद्ध बँक्सीने सांगितलं, की त्याने टोपणनावाने पाठवलेलं चित्र नाकारलं गेलं. नंतर अकॅडमीनेच त्याच्याकडे चित्र मागितलं, तेव्हा त्याने तेच थोडं बदलून पुन्हा पाठवलं आणि ते लागलं!

मी स्वतः एका खुल्या प्रदर्शनाला आईच्या पितळी स्टोव्हचं जलरंगातलं चित्र पाठवलं होतं. पितळेवरची चमक कागद कोरा सोडून साधली होती. फोटोत ती राखाडी आली. तरी पहिली फेरी पार झाली. मग काच, फ्रेम, अर्ध्या दिवसाची रजा, चादरीत गुंडाळून ट्यूबमधून, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेतून नेणं. निवड झाली नाही. परत आणायला पुन्हा रजा. नकार मी पचवला, पण ज्याला रजाच मिळत नाही त्याने काय करायचं?

– हॅरोहून

*

ताई,

शुल्क हॉलच्या भाड्यासाठी आहे हो. आणि उद्या निवडच नको म्हणाल, तर चित्रं ढीगभर येतील, भिंती तीनच आहेत. लावायची कुठे?

– समितीतर्फे

*

दादा,

भाड्याची अडचण खरी आहे. ते फराळाच्या स्टॉलमधून काढू, चकल्या मी करते. जागेचं म्हणाल, तर प्रत्येकी एकच चित्र घ्या, ए-थ्री कागदापेक्षा मोठं नको. पॅरिसमध्ये १८८४ साली परीक्षक नाहीत, बक्षिसं नाहीत असं ठरवून ‘अँदेपांदां’ म्हणजे स्वतंत्र चित्रकारांचं प्रदर्शन सुरू झालं, ते आजही भरतं. आपल्याला एक हॉल जमणार नाही?

फ्रेम मात्र काढाच. आपल्याकडे नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करणाऱ्या एक काकू वारली काढतात, पिठाच्या पुड्याच्या खाकी कागदावर. पत्रक वाचून त्या म्हणाल्या, “हे आपल्यासाठी नाही गं.” त्यांचं चित्र मी घरून घेऊन येईन. सुतळी आणि लाकडी चिमटे माझ्याकडे आहेत. शनिवारी हॉलची किल्ली कुणाकडे असेल?

– हॅरोहून