कॉलेजपुरतंच टेनिस खेळलेला कोच चालेल का?

बेसलाइनची_आई:
मुलीला अमेरिकेतल्या दोन कॉलेजांच्या टेनिस कोचचे मेल आलेत. तिला आवडलेला कोच त्याच कॉलेजकडून चार वर्षं खेळला आणि मग तिथेच कोचिंगला लागला. टूरवर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांत, त्याचं नाव कुठे सापडत नाही. दुसरा टूरवर खेळलेला. नवरा म्हणतो, जो स्वतः वर गेला नाही तो हिला काय वर नेणार? मला हे पटत नाही, पण खोडताही येत नाही.

सहा_नंबरी:
खोडायला डिक गूल्ड पुरे. स्टॅनफर्डकडूनच खेळलेला, 1966 ते 2004 तिथेच कोच, 17 एनसीएए (अमेरिकेतली कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा) सांघिक विजेतेपदं. मॅकेन्रो आणि ब्रायन बंधूंसारखे दिग्गज त्याच्याच हाताखालून गेले.

पण ते राहू दे. मी तिकडे एका छोट्या कॉलेजात खेळलो, संघात सहाव्या नंबरवर, तेही कोणी दुखावला तर. तिथली लढत म्हणजे सहा एकेरी, तीन दुहेरी. दुहेरीचा सगळा मिळून एकच गुण, एकेरीचे सहा, आधी चार गाठेल तो संघ जिंकला. म्हणजे पहिल्या कोर्टवरच्या हिरोचा गुण आणि माझा गुण सारख्याच वजनाचे. टूरवर ही भानगडच नाही. आमचा कोच स्वतः पाच-सहावर खेळलेला, त्यामुळे तो कायम मागच्या कोर्टांपाशी घुटमळत असायचा. आधी मला वाटायचं, याला बिचाऱ्याला पुढे कोणी विचारत नाही.

एकदा 3-3 झाले आणि उरलो मी एकटा. सलग दोन डबल फॉल्ट. बाजू बदलताना तो बाकावर शेजारी येऊन बसला (कॉलेजात कोचला बोलायची मुभा असते). वाटलं, आता सर्व्हिसवर लेक्चर. तर म्हणाला, "समोरचा दोन गेम झाले उजवा पाय जपतोय. ड्रॉप शॉट टाक, नेटजवळ पळव त्याला." मला दिसलंच नव्हतं!

हरलो. तिसरा सेट 5-7. पाय मात्र खरंच दुखत होता, नंतर पट्टी बांधलेली पाहिली.

ताई, दोन्ही कोचना एकच विचारा: पाच-सहावर खेळणारी मुलं पहिल्या वर्षी कशी होती आणि चौथ्या वर्षी कुठे पोचली?

नेटजवळचा:
सहा_नंबरी, गोष्ट छान, पण टूरवाल्यांना इतकं हाणू नका. ब्रॅड गिल्बर्ट पेपरडाइनकडून खेळला, मग जगात चौथ्या क्रमांकापर्यंत गेला आणि पुढे अगासीचा कोच झाला. मुलीला खरंच प्रो व्हायचं असेल तर त्या ओळखी, तो अनुभव उपयोगी पडतोच.

उलट उदाहरणही देतो. आपल्या सोमदेव देववर्मनचा व्हर्जिनिया विद्यापीठातला कोच ब्रायन बोलंड हा इंडियाना स्टेट विद्यापीठाचा खेळाडू. सोमदेवने 2007 आणि 2008 ला एनसीएए एकेरी जिंकली. 2007 च्या फायनलला समोर जॉर्जिया विद्यापीठाचा जॉन इस्नर, त्याच्याच कॉलेजच्या (अमेरिकेतल्या) अथेन्समधल्या कोर्टवर, आणि निकाल तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये. इस्नरचा कोच मॅन्युएल डियाझही जॉर्जियाचाच जुना खेळाडू.

बेसलाइनची_आई:
दोघांनाही मेल टाकला. नवऱ्याला 3-3 ची गोष्ट वाचून दाखवली. त्याला एवढंच कळायचंय, ड्रॉप शॉट जमला का?

सहा_नंबरी:
पहिला नेटमध्ये. दुसरा बरोबर पडला.