उत्तर: न्यू ऑर्लिन्स सहल – रविवारी दुपारी बस नक्की कुठे थांबणार?

प्रेषक: सहल समिती

मंडळी, बसवाल्यांना आज रात्री थांबे कळवायचे आहेत. शनिवारचं सगळं ठरलंय, त्यात आता बदल नाही. प्रश्न रविवार दुपारच्या अडीच तासांचा आहे. मतं बघता प्रिझर्व्हेशन हॉल (जॅझच्या मैफली होतात तो) पुढे आहे, म्हणून काँगो स्क्वेअर हा चौक गाळायचं म्हणतोय. कुणाची हरकत?

प्रेषक: आप्पा

हरकत आहे, आणि चांगलीच आहे.

सहलीच्या पत्रकात "जॅझचा जन्म १९१७" असं छापलंय. त्या वर्षी फेब्रुवारीत व्हिक्टर कंपनीने न्यूयॉर्कमध्ये ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँडचं ध्वनिमुद्रण केलं आणि जॅझची पहिली तबकडी निघाली, एवढंच त्या सालाचं महत्त्व. पाचही वादक गोरे. न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या वस्त्यांत ही वाजवण्याची रीत त्याआधी कितीतरी वर्षं रुळली होती. बडी बोल्डनच्या कॉर्नेटवर (ट्रम्पेटसारखं वाद्य) तिथे लोक नाचत होते. १९०७ मध्ये त्याला मनोरुग्णालयात टाकलं, तिथेच १९३१ मध्ये तो गेला. त्याची एकही तबकडी आज नाही. तबकडीपासून मोजायला लागलो तर बोल्डन इतिहासातून बाद.

त्याच्याही मागे काँगो स्क्वेअर. १८१७ मध्ये शहराने नियम केला की गुलामांनी जमायचं ते फक्त रविवारी, सूर्यास्तापर्यंत आणि नेमून दिलेल्या जागीच. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी त्यांच्या ढोलांवर बंदी होती, इथे ते उघड्यावर वाजत. १८१९ मध्ये लाट्रोब नावाचा वास्तुविशारद ते बघायला थांबला आणि वहीत वाद्यांची चित्रं काढून घेऊन गेला. त्यात एक म्हातारा ढोलावर मांड टाकून बसलाय, हाताच्या कडेने आणि बोटांनी बडवतोय. दुसऱ्याच्या हातात भोपळ्याचं तंतुवाद्य, त्याच्या टोकाला बसलेल्या माणसाची कोरीव आकृती. ही जागा गाळायची?

प्रेषक: खजिनदार

हॉलची तिकिटं आधी काढावी लागतात. बाकं मोजकी, बाकीच्यांनी उभं राहायचं. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांची नावं आजच कळवा. गणपतीच्या वेळेसारखं ऐनवेळी नको.

प्रेषक: माई

आप्पा, जागेबद्दल मान्य, पण काँगो स्क्वेअरवरून थेट बोल्डनवर उडी मारू नका. ते रविवारचे मेळे यादवी युद्धाच्या आधीच थंडावले आणि बोल्डन जन्मला १८७७ मध्ये. मधल्या काळाचं काय? मुलांनी विचारलं तर काय सांगणार? चर्च, ब्लूज, रॅगटाइम, अंत्ययात्रेतले ब्रास बँड, हे सगळं सोडून कसं चालेल? स्मशानाकडे जाताना संथ भजन आणि परतताना तोच बँड नाचायला लावणारं काहीतरी वाजवतो. त्यात जॅझ जास्त दिसतं, असं माझं मत.

प्रेषक: मडगावची वहिनी

माईंच्या "मधल्या काळा"ला जोडून. त्या शहरात क्रिओल (फ्रेंच वळणाच्या, मिश्र वंशाच्या) घराण्यांतली मुलं रीतसर शिकलेली असत, नोटेशन वाचून क्लॅरिनेट-व्हायोलिन वाजवणारी. शहराच्या वरच्या भागातल्या वस्त्यांतले काळे वादक बरेचसे कानावर शिकलेले. १८९० मध्ये लुइझियानाने रेल्वेत वेगळे डबे केले. ट्रेमे वस्तीतला जोडे शिवणारा होमर प्लेसी त्याविरुद्ध मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसला आणि १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात खटला हरला. कायद्याने क्रिओलांना आणि काळ्यांना एकाच रांगेत लोटलं, मग ते एकाच बँडमध्येही आले. वाचून वाजवणारे आणि कानाने वाजवणारे असे शेजारी बसल्याशिवाय हे संगीत घडलंच नसतं.

हे मला लगेच उमगतं, कारण आमच्याकडे चर्चच्या शाळेत सोल्फेजिओ (पाश्चात्त्य सरगम) घोटून पोरं मुंबईला जायची. टेडी वेदरफर्डसारखा अमेरिकन कृष्णवर्णीय पियानोवादक ताजमध्ये होता, त्याच्या संगतीत राहून त्यांनी जॅझ उचललं. हळदोण्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट त्यातलाच. "अलबेला" (१९५१) ऐका.

प्रेषक: दादा (ध्वनिव्यवस्था)

अलबेलाचं संगीत सी. रामचंद्रांचं. श्रेय त्यांना द्या.

प्रेषक: मडगावची वहिनी

दादा, त्यांचं श्रेय कोण काढून घेतंय? ट्रम्पेट कुणाचा, तेही लोकांना कळू दे, एवढंच. गोव्याच्या वादकांची नावं पडद्यावर फारशी कधी आलीच नाहीत.

प्रेषक: ढोलपथक

काँगो स्क्वेअरला आजही रविवारी दुपारी ढोलवाले जमतात. आपण दोन ढोल, एक ताशा बसच्या पोटात टाकू. पथकाच्या वाद्यांचं आम्ही बघतो, बाकी कुणी त्यात पडू नये.

प्रेषक: आप्पा

वाद्यं नकोत. ज्यांच्या पूर्वजांना आठवड्यातून एकच दुपार मिळायची, त्यांची ती जागा आहे. तिथे जाऊन ऐकायचं. बोलावलं तर हातांनी टाळी धरा.

माई, अंत्ययात्रेचं पटलं. पण सांगायला सुरुवात त्या चौकात उभं राहूनच करायची, हे मी सोडणार नाही.

प्रेषक: ढोलपथक

ढोल नेत नाही. पण "वाद्यं नकोत" हे समितीने सांगावं, आप्पांनी नव्हे.

प्रेषक: सहल समिती

समिती सांगते: वाद्यं नकोत.

मोठी बस फ्रेंच क्वार्टरच्या आतल्या गल्ल्यांत शिरत नाही, त्यामुळे ती रॅम्पार्ट स्ट्रीटवर आर्मस्ट्राँग पार्कच्या कमानीपाशी उतरवेल. काँगो स्क्वेअर त्याच बागेत आहे. तिथे पाऊण तास: आप्पा दहा मिनिटं, माई आणि वहिनी पाच-पाच, उरलेला वेळ ऐकायला. मग सेंट पीटर स्ट्रीटवरच्या हॉलपर्यंत पायी दहा-पंधरा मिनिटं. पत्रकातली १९१७ ची ओळ "पहिली तबकडी" अशी बदलतेय.

चालणं न जमणाऱ्यांसाठी गाडी लागेल. कोण स्वतःची गाडी घेऊन येतंय?

प्रेषक: दादा (ध्वनिव्यवस्था)

मी. चार जागा आहेत, मागे व्हीलचेअर बसते.