तेरचं संग्रहालय कुणी कुणी पाहिलंय? आठवणी लिहा

तेरणाकाठ:
भाचा सध्या इटलीत आहे. काल त्याने नेपल्सच्या संग्रहालयातून फोटो पाठवला, पॉम्पेईच्या उत्खननात १९३८ साली निघालेली, भारतीय घडणीची हस्तिदंती बाईची मूर्ती. मी लगेच उलट लिहिलं, "अरे, हिची बहीण आपल्या तेरला आहे!" लामतुरे संग्रहालयातली ती मूर्ती शाळेच्या सहलीत बघितलेली. वितीहून लहान, पण केस आणि दागिने इतके बारीक कोरलेत की बाई रांगेत मागून ढकलत होत्या तरी मी काचेला चिकटून उभी! पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. त्याच सुमारास आपलं तेर म्हणजे 'तगर', पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, अशी 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथात नोंद आहे. इथलं कापड गाड्यांनी भडोच बंदराला जायचं, तिथून जहाजात. धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावाची ही गोष्ट आपल्याच पोरांना माहीत नाही, याचं फार वाईट वाटतं. तुमचे अनुभव लिहा.

पांढरीवाली:
माझं आजोळच तेर. मोठा पाऊस होऊन गेला की पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, मणी उघडे पडायचे. शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, फुटकी खापरं. आजी म्हणायची, "घरात ठिवू नका, लामतुऱ्यांकडं नेऊन द्या." रामलिंगप्पा लामतुऱ्यांनी असं एकेक करून हजारो वस्तू जमवल्या, पुढं सरकारचं संग्रहालय झालं. त्या माणसाचे उपकार आहेत गावावर. कुकरची शिट्टी झाली, नंतर येते.

ढोकीकर:
आम्ही कारखान्यावरचे. तेरला जायचं ते गोरोबाकाकांच्या दर्शनाला, संग्रहालय वाटेत. मला ती पांढऱ्या मातीची बाहुली आठवते. गालावर हसू आहे तिच्या.

सोलापुरी_चादर:
त्रिविक्रमाचं देऊळ चुकवू नका!! विटांचं आहे, मागून गोल, वर छप्पर हत्तीच्या पाठीसारखं. मुळात बौद्धांचं प्रार्थनागृह (चैत्यगृह) असावं असं अभ्यासक म्हणतात. आत त्रिविक्रम पाय उचलून उभा. भर मे महिन्यात आत गार होतं.

मुरुडची_माई:
आमचे हे सिव्हिल इंजिनिअर. देवळापाशी अर्धा तास विटाच बघत बसले. तिथल्या जुन्या विटा सच्छिद्र, इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात म्हणे. मुलं भुकेली, डबा गाडीत, आणि हे विटेत 😄

तेरणाकाठ:
@माई 😄 उत्तरेश्वराच्या देवळाची लाकडी चौकट बघितली का त्यांनी? कोरीव काम बघून थक्क व्हाल.

मुरुडची_माई:
नाही गं, तोवर धाकटीनं भोकाड पसरलेलं.

ठाणेकर_अजय:
शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवायचे. राज्य कोकणात आणि बिरुद तेरचं! ठाण्यात राहतो, त्यामुळे हे वाचल्यापासून तेर आपलंच वाटतं. अजून जाणं झालं नाही. तुळजापूरला येणार आहोत, जोडून होईल का?

ढोकीकर:
आरामात होईल. सकाळी लवकर देवीचं दर्शन, मग धाराशिववरून तेर. संग्रहालय उघडं आहे का ते आधी विचारून घ्या. वेळ उरला तर नळदुर्गही करा, पण दुसऱ्या दिवशी. पावसाळ्यात तिथल्या किल्ल्यातल्या पाणीमहालावरून बोरी नदीचं पाणी कोसळताना बघायचं, बाकी काही बोलायचं नाही.

पांढरीवाली:
आले परत. @अजय, चैत्रात गोरोबाकाकांची यात्रा असते, तेव्हा गर्दी फार. थंडीत या, हुरडा मिळेल. आणि आमच्या आजोळच्या भाजलेल्या शेंगा.

सोलापुरी_चादर:
हुरडा म्हणालात आणि जीव गेला. कुंथलगिरीचा खवा आता कुठे चांगला मिळतो? भावाकडे बारसं आहे, पाच किलो लागेल.

मुरुडची_माई:
थेट भट्टीवरून घ्या, सकाळी. ताजा उतरलेला हातात घेतला की तूप सुटतं. भूमकडे जाणारं कुणी असेल तर मलाही एक किलो सांगा.