अँटोन पीक : चित्रकार की कॅलेंडरवाला?

रेघोटी : डच चित्रकलेच्या चर्चेत परवा एका सदस्यांनी लिहिले की, अँटोन पीक हे चित्रकार नव्हतेच, बिस्किटांच्या डब्यांना गोड भूतकाळ पुरवणारे कारागीर होते. एका वाक्यात माणूस निकालात काढण्याची ही हातोटी पाहून स्वतंत्र धागा काढणे भाग पडले. १८९५ साली डेन हेल्डर येथे जन्मलेल्या पीक यांनी ग्रिम बंधूंच्या परीकथा आणि अरबी सुरस कथांचे खंड चित्रांनी सजवले, शिवाय एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून घेतलेले ठसे) आणि काष्ठठशांतही काम केले. नेदरलँड्समधील कात्सहोवेल येथील एफ्टेलिंग या मनोरंजन उद्यानात १९५२ साली खुले झालेले परीकथांचे जंगल त्यांच्याच रेखाटनांतून उभे राहिले. नकली साहित्य चालणार नाही, जुन्या विटा आणि खरी कौलेच हवीत, असा त्यांचा आग्रह होता. म्हणूनच तिथल्या भिंती मुद्दाम वाकड्या असूनही खोट्या वाटत नाहीत.

तिसरी घंटा : ते सदस्य मीच, आणि माझे मत बदललेले नाही. याच देशातले चित्रकार मोन्द्रियान आणि वास्तुकार रीतवेल्ड सरळ रेषेतून नवे जग मांडत असताना हे गृहस्थ बर्फ, कंदील आणि घोडागाड्यांतच रमले. जुन्या कौलांचा हट्ट हा गवंड्याचा गुण झाला.

रेघोटी : ज्यांना आपण स्वप्नाळू ठरवता, त्यांनी जर्मन ताब्याच्या काळात प्रतिकार चळवळीसाठी बनावट कागदपत्रे तयार केली. त्यांचे जुळे बंधू हेन्री बुखेनवाल्डच्या छळछावणीत होते आणि तिथली दृश्ये त्यांनी चितारली. त्या घराला वर्तमानकाळ ठाऊक नव्हता, असे म्हणण्याआधी थोडे वाचावे.

तिसरी घंटा : धैर्याला नमस्कार. मी चित्रांविषयी बोलत होतो, आणि बुखेनवाल्ड चितारले ते भावाने.

फळा-खडू : आपण दोघेही मुख्य गोष्ट विसरलात. १९२० ते १९६० अशी चाळीस वर्षे हा माणूस केनेमर लायसियम या माध्यमिक शाळेत चित्रकलेचा शिक्षक होता! मीही हीच नोकरी केली. आमच्या शाळेत दहावीचे वर्ष लागले की चित्रकलेचा तास बिनदिक्कत गणिताला दिला जाई आणि इंटरमिजिएट परीक्षेचा निकाल लागला की मात्र मुख्याध्यापक फोटोत पुढे उभे राहत. वर्ग सांभाळून एवढे काम करणे म्हणजे काय, हे केवळ कलादालनांत फिरणाऱ्यांना कळणार नाही.

तिसरी घंटा : उलट त्या नोकरीनेच घात केला असावा, असे मला वाटते. दरमहा पगार येत असल्यामुळे त्यांना कधी धोका पत्करावा लागला नाही.

फळा-खडू : म्हणजे उपाशी राहिल्याशिवाय कलावंत होत नाही, असा आपला सिद्धान्त आहे काय? पगार होता म्हणूनच त्यांना अटी घालता आल्या. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून जगणारा चित्रकार कौलांसाठी अडून बसू शकत नाही, हे मी घर चालवताना पुरेपूर अनुभवले आहे. आपण कोणत्या नोकरीत आहात, तेही एकदा सांगून टाका.

तिसरी घंटा : बँकेत. आता यावरूनही माझी चित्रे पाहण्याची लायकी ठरवा.

आइंडहोवनकर : भांडण चालू ठेवा, पण एकदा एफ्टेलिंगला या. तिथे त्यांच्या रेखाटनातून उतरलेला होले बोले खेइस नावाचा जाड्या तोंड उघडून ‘कागद इकडे’ असे ओरडतो आणि टाकलेला कचरा गिळतो. घरात स्वतःची वही न उचलणारी माझी मुलगी तिथे अनोळखी लोकांनी टाकलेले कागदही शोधून आणत होती. तिथला ‘भारतीय कमळे’ हा देखावा मात्र मला पटला नाही: बेल्जियमच्या राणी फाबिओला यांच्या कथेवर १९६६ साली उभारलेल्या त्या देखाव्यात भारत शोधावा लागतो.

तिसरी घंटा : कचरा खाणारा जाड्या ही त्यांची सर्वांत आधुनिक कलाकृती, एवढे मी आनंदाने मान्य करतो.

रेघोटी : मानलेत, हे लिहून ठेवतो. हॅटम येथे त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. तिथली एचिंग पाहून आलात, तर उरलेल्यावरही बोलू.

फळा-खडू : आणि तिकीट पगारातूनच काढा.