चालू खदानीतल्या पाण्यावर पक्षी पाहायला जावं की नाही?

टिबुकली, रामबाग
रविवारी आमच्या पक्षीमंडळीत यावरून चांगलंच वाजलं, म्हणून इथे मांडते. इंदूरबाहेर एक मुरमाची खदान आहे, जागा मुद्दाम सांगत नाही. एका अंगाला पोकलेन चालू असतं, दुसऱ्या अंगाला जुन्या खड्ड्यात पाणी साचलंय. मुनीमजींना विचारून मी दोन वर्षं तिथे जातेय. मंडळींचं म्हणणं, सिरपूर आणि यशवंतसागर हे दोन तलाव, आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीतले, हाताशी असताना धूळ खायला खदानीत कशाला?

मला वाटतं जायलाच हवं, आणि खदान चालू आहे तोवरच. कंठेरी चिखल्याला अंडी घालायला उघडी खडी लागते. नदीपात्रातली तशी जागा आता कुठे उरलीय? खदानीत मात्र यंत्र रोज नवी उघडी जमीन करून ठेवतं. काम थांबलं की दोन-तीन पावसाळ्यांत तिथे बाभूळ आणि बेशरम माजते, चिखल्या जातो. इंग्लंडमध्ये हा पक्षी पहिल्यांदा वीण करताना आढळला १९३८ मध्ये, आणि पुढे तो तिथे पसरला तो मुख्यतः खडीच्या खाणींच्या आधारानेच.

एप्रिलमध्ये मी दोन हातांवर उभी होते तरी अंडी दिसेनात. पक्षीण पंख मोडल्याचं सोंग करत फरफटत निघाली, तेव्हा कळलं. सुपारीएवढी चार अंडी, मुरमाच्याच रंगाची, बारीक काळ्या ठिपक्यांची. हातभर अंतरावर डंपरच्या टायरची नक्षी ठसठशीत उमटलेली. आणि अंड्यांभोवती चार मोठे दगड. ड्रायव्हरने ते आपणहून मांडले होते आणि गाडीचं वळण बदललं होतं. हे सिरपूरच्या काठावर बसून कसं कळणार?

नाना, सुदामानगर
ताई, तुमची तळमळ कळते. तरीही माझा विरोध आहे. खदानीचा काठ तलावासारखा उतरता नसतो. एक पाऊल सरकलं की थेट दोन पुरुष पाणी, आणि वर यायला धरायला काही नाही, मुरूम हातात सुटून येतो. आमच्या गल्लीतला सोळा वर्षांचा मुलगा असाच गेला, पोहायला येत असून. तुम्ही मुनीमजींना विचारता. तुमचा फोटो पाहून जी पोरं कॅमेरा घेऊन निघतील, ती कुणाला विचारणार आहेत?

शेकाट्या
माझी हरकत वेगळी आहे. तुम्ही यादी करता, तिचं उद्या खदानीला प्रमाणपत्र होतं. "बघा, पक्षी आनंदात आहेत, लीज वाढवा." जी टेकडी कापून हा खड्डा झाला, तिच्यावर गवत होतं, तित्तर होते, चंडोल होते. ते कुणी मोजले? खड्ड्यात उतरलेला पक्षी आपल्याला दिसतो, टेकडीवरून उठून गेलेला दिसत नाही.

आणि ते चार दगड. ड्रायव्हरचा जीव चांगला, पण अशी खूण कावळ्यांच्या आणि कुत्र्यांच्या लवकर लक्षात येते. चिखल्याचं सगळं संरक्षण न दिसण्यात आहे.

क्रशरलाइन
आमच्या घरची खदान आहे, म्हणून थोडं बोलतो. पोकलेनच्या मागे कोण बसलंय ते ऑपरेटरला दिसत नाही. ढिगाआड दुर्बीण लावून बसलेला माणूस तर मुळीच नाही. त्यामुळे काम चालू असताना कुणी आत यावं याला माझा साफ नकार आहे, हेल्मेट घातलेलं असलं तरी.

दुसरं. तुम्ही लोक एप्रिल-मेमध्ये येऊन म्हणता, या भिंतीत वेड्या राघूंची बिळं आहेत, इथे खोदू नका. तोवर त्या बाजूची आखणी झालेली असते, गाड्या लागलेल्या असतात, मजुरांची रोजी अडकलेली असते. तेच जानेवारीच्या शेवटी सांगा ना! बिळं पडायच्या आधी कळलं तर आम्ही दुसऱ्या तोंडाने खोदू. आम्हाला मुरूम हवा, तीच भिंत हवी असं नाही.

टिबुकली, रामबाग
शेकाट्या, दगडांचं मान्य. मला ते पाहून इतकं भरून आलं की कावळ्यांचा विचारच आला नाही. पण यादीचं नाही पटत. मोजलं नाही म्हणून टेकडी वाचली का? रामसरच्या वर्गवारीत खडी-मातीच्या खाणींचे खड्डे हा मानवनिर्मित पाणथळीचा प्रकारच धरलेला आहे. २०२५ मध्ये आपल्या इंदूरला उदयपूरबरोबर पाणथळ शहराची मान्यता मिळाली, आणि याच शहराच्या कडेचे हे खड्डे एक दिवस राडारोडा टाकून बुजवले जातात. तिथे काय होतं हे लिहिलेलंच नसेल तर बुजवू नका म्हणायला आधार कुठून आणायचा? शेजारची न कापलेली टेकडीही मी या वर्षीपासून मोजणार आहे. दोन्ही याद्या एकत्रच देईन, एकटी खड्ड्याची कुणाला देणार नाही.

क्रशरलाइन, भिंतीचं तुम्ही म्हणता तसंच करू. पण चिखल्याचं काय? तो कुठे बसेल हे जानेवारीत नाही सांगता येत. अंडी उबवायला जेमतेम पंचवीस दिवस लागतात. पिल्लं त्याच दिवशी चालू लागतात, मग घरट्याची जागा मोकळी. पंचवीस दिवस खोलीभर जागा गाड्यांनी टाळायची, एवढंच मागते.

क्रशरलाइन
खोलीभर जमेल. ड्रायव्हर बदलत असतात, त्यामुळे निरोप सुपरवायझरकडे द्या, ड्रायव्हरकडे नको. आणि दगड नकोत तर वळणावर, घरट्यापासून लांब, एक ड्रम उभा करू. गाडी तिथूनच वळेल.

नाना, सुदामानगर
मुलांना नेणार नाही आणि जागेचा फोटो टाकणार नाही, या दोन गोष्टी कबूल असतील तर मी बरोबर येतो. दोर मी आणतो. पाण्याच्या काठापासून दहा पावलं मागे बसायचं, चिखल्या तिथूनही दिसतो.

शेकाट्या
टेकडीची मोजणी मी करतो. तित्तर पहाटे बोलतात, त्यामुळे साडेपाचला पोचायला लागेल. खदानीच्या यादीवर मात्र माझं नाव नको.

क्रशरलाइन
रविवारी येऊ नका, काम चालू असतं. आमच्याकडे सुट्टी अमावास्येला असते.