शब्दचर्चा: लाट, भरती, प्रवाह, ओढ

तळटीप

मंडळी, एक अडचण आहे. शाळकरी मुलांना महासागरांची ओळख करून देणारे फलक तयार होताहेत आणि त्यांचा मराठी मजकूर तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मसुद्यातलं हे एक वाक्य: ‘भरतीच्या लाटा प्रवाहाबरोबर खाडीत शिरतात, तेव्हा समुद्राला उधाण आले असे म्हणतात.’ शब्द सगळे ओळखीचे, पण अर्थ काय लावायचा? पुढे ‘बंगालची खाडी’ आहे, ‘समुद्राचा खड्डा’ आहे आणि ‘स्वेल’साठी जागा कोरी सोडलीय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भूगोलमास्तर

वाक्य दुरुस्त करत बसू नका, काढूनच टाका. पाणी कशामुळे हलतंय ते आधी बघायचं, मग शब्द आपोआप वेगळे होतात.

लाट वाऱ्यामुळे उठते. तिच्यात जोर पुढे जातो, पाणी नाही. किनाऱ्यापासून लांब पाण्यावर एखादा नारळ तरंगत असेल तर बघत राहा. लाट आली की तो वर चढतो, जरा पुढे सरकतो, मग खाली येऊन मागे जातो. लाट निघून जाते, नारळ जवळपास तिथंच. पाण्याचा प्रत्येक कण असा गोल फिरत असतो आणि खोल जावं तसा हा गोल लहान होत जातो. दोन माथ्यांमध्ये १०० मीटर अंतर असेल तर ५० मीटर खाली त्या लाटेचा पत्ताही लागत नाही. किनाऱ्याजवळ तळ वर येतो, लाटेचा खालचा भाग रखडतो आणि माथा पुढे कोसळतो. पाणी खरोखर पुढे धावतं ते तेव्हा.

भरती-ओहोटी चंद्र-सूर्याच्या आकर्षणाची. तिच्यात अख्ख्या समुद्राची पातळी चढते-उतरते, दोन भरत्यांत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात.

प्रवाहात मात्र पाणी एका ठिकाणाहून दुसरीकडे जातं. वरवरचे प्रवाह वारा ढकलतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते वळतात. खोलवरचे प्रवाह तापमान आणि क्षारतेतल्या फरकामुळे चालतात. अंटार्क्टिकाजवळचं थंड, खारट, जड पाणी तळाशी बसतं आणि तळातळाने उत्तरेकडे सरकत राहतं. या फेऱ्याला शेकडो वर्षं लागतात.

त्सुनामी या तिन्हींत बसत नाही. तिला ‘भरतीची लाट’ म्हणणारे अजून भेटतात, पण तिचा भरतीशी काडीचा संबंध नाही. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ समुद्रतळच हलला आणि तळापासून पृष्ठापर्यंतचं सगळं पाणी एकदम ढकललं गेलं. चार हजार मीटर खोल समुद्रात अशी लाट ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास धावते.

रापणकर

मास्तरांचं बरोबर. किनाऱ्यावरची भर घालतो. मालवणपासून गोव्यापर्यंत ओहोटीला ‘सुकती’ म्हणतात, भरती-सुकती अशी जोडीच आहे.

उधाणाबद्दल पेपरवाल्यांशी माझं जुनं भांडण आहे. वादळी वारं सुटलं, लाटा उसळल्या की ‘समुद्राला उधाण’ असा मथळा येतो. तो खवळलेला समुद्र. उधाण अमावास्या-पौर्णिमेला येतं, कारण तेव्हा चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात. त्या दिवशी वारा पडलेला असेल, दर्या शांत असेल, तरी पाणी नेहमीपेक्षा वर चढणार आणि सुकतीला नेहमीपेक्षा लांब जाणार. अष्टमीच्या सुमाराला चढ-उतार कमी, त्याला ‘भांग’ म्हणतात. मुलांच्या भूगोलात ‘उधाणाची भरती’ आणि ‘भांगाची भरती’ हेच शब्द आहेत. उगाच नवे घडवू नका.

आणि ‘ओढ’ हा शब्द फलकावर येऊ दे. ‘पाण्याक ओढ आसा’ म्हटलं की आमच्याकडे कोणी पाण्यात उतरत नाही. पर्यटक बुडाला की ‘लाटेने ओढून नेले’ असं छापतात. लाट आणून टाकते हो! किनाऱ्यावर चढलेलं पाणी परत जाताना एखाद्या चिंचोळ्या वाटेने जोरात बाहेर पडतं, त्याला ओढ. तिच्याविरुद्ध किनाऱ्याकडे पोहत सुटलं की माणूस दमतो आणि तिथंच संपतो. किनाऱ्याला समांतर पोहून आधी तिच्यातून बाजूला व्हायचं, मग किनारा गाठायचा.

वसईचा_वारा

अवांतर: आमची आजी पंचांग बघून भरती सांगायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण चिंबोऱ्या धरायला जाणाऱ्याला तेवढं पुरतं. कारण सोपं आहे: भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते आणि पाऊण तास म्हणजे ४५. पौर्णिमेच्या जवळ चूक साठत जाते ती यामुळेच. हा हिशेब मुंबई-कोकणचा, बंगालमध्ये नेऊन वापरू नका.

मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक जवळपास पाच मीटरपर्यंत जातो, गोव्यात दोनेक मीटरच. भावनगरला दहा मीटर, कारण खंबातचं आखात आत अरुंद होत जातं आणि आत शिरलेल्या पाण्याला वर चढण्यावाचून वाट नसते.

दिल्लीकर_मराठी

‘बंगालची खाडी’ ही हिंदीची कृपा. हिंदी बातम्यांचं मराठी करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे हे रोज बघितलंय. हिंदीत ‘खाड़ी’ म्हणजे बे आणि गल्फ दोन्ही. मराठीत खाडी म्हणजे वसईची, ठाण्याची, दाभोळची. जिथे समुद्राचं पाणी भरतीला जमिनीत आत शिरतं आणि नदीच्या पाण्यात मिसळतं ती. मोठा, रुंद तोंडाचा तो उपसागर: बंगालचा उपसागर. आत घुसलेलं आखात: खंबातचं, कच्छचं, इराणचं. ‘खाडी देशांत नोकरी’ वाचलं की मला घोडबंदर आठवतं. आखाती देश म्हणा.

तसंच ‘हिंद महासागर’ नको, मराठीत ‘हिंदी महासागर’. त्याचा हिंदी भाषेशी संबंध नाही हे मुलांना एकदा सांगावं लागतं, तेवढं सांगा.

तळटीप

धन्यवाद! खाडी, उधाण आणि ओढ मार्गी लागले. ‘स्वेल’चं काय? आणि तळाचे शब्द?

किनारपट्टी

स्वेल म्हणजे जिथे उठली तो वारा मागे टाकून लांब निघून आलेली लाट. माथे गोलसर, अंतर मोठं, ठेका एकसारखा. मराठीत एकच बांधेसूद शब्द मला तरी माहीत नाही, मी ‘दुरून आलेल्या लाटा’ असंच लिहितो.

मल्याळीत मात्र यातल्याच एका प्रकाराला फार चपखल शब्द आहे: कल्लक्कडल. कल्लन म्हणजे चोर, कडल म्हणजे समुद्र. केरळात मे महिन्याच्या आसपास आकाश स्वच्छ, वारा नाही, आणि अचानक समुद्र घरात शिरतो. लाटा उठलेल्या असतात हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला, ३० अंश दक्षिण अक्षांशाच्याही खाली, तिथल्या वादळांत. हजारो किलोमीटर कापून त्या काही दिवसांनी किनाऱ्याला लागतात, आणि नेमकी भरतीची वेळ साधली तर नुकसान जास्त. मच्छीमारांचा हा शब्द २०१२ मध्ये युनेस्कोने शास्त्रीय वापरासाठी मान्य केला. समुद्राची माहिती आणि अंदाज देणारी हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था याच नावाने इशारेही देते. फलकावर हा शब्द जसाच्या तसा ठेवा.

भूगोलमास्तर

आता तळ. पाठ्यपुस्तकातला क्रम किनाऱ्यापासून आत असा: भूखंडमंच किंवा समुद्रबूड जमीन, मग खंडान्त उतार, मग सागरी मैदान, आणि त्यात मध्येमध्ये पर्वतरांगा, पठारं, डोह, गर्ता.

‘समुद्रबूड जमीन’ हा शब्द मला फार आवडतो, कारण ती खरोखर जमीनच आहे, खंडाचाच बुडालेला काठ. मुंबईसमोर हा मंच चांगलाच रुंद आहे. मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, तरी तिथं पाणी ७५ मीटरच्या आसपास. (‘हाय’ म्हणजे जमिनीखालच्या खडकांचा उंचवटा. त्यात तेल साठलं.) महासागरांची सरासरी खोली ३,७०० मीटर धरली तर हे डबकंच म्हणायचं. खंडान्त उतार लागला की खंड संपलं. नकाशावर किनाऱ्याची रेघ दिसते, पण खंडाचा खरा शेवट तिथे, उतारावर.

रापणकर

७५ मीटर म्हणजे आमच्या मापात चाळीस-एकेचाळीस वाव. दोन्ही हात पसरून दोरी धरली की एक वाव. थांग घेताना शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडायची आणि वर ओढताना वाव मोजायचे. ‘अथांग सागर’ असं कवी लिहितात, पण ज्याचा थांग लागत नाही तो अथांग. आमचं जाळं जिथं पडतं तिथला लागतो.

पेठेतला_वाचक

‘गर्ता’ मुलांना कळणार आहे का? ‘खोल दरी’ लिहिलं तर काय बिघडतं?

भूगोलमास्तर

बिघडतं. जमिनीवरची दरी नदीने कोरलेली असते. समुद्रात तसं काही असेल तर त्याला घळई म्हणावं. गंगेच्या मुखासमोर अशी एक मोठी घळई आहे, तिच्यातून हिमालयाचा गाळ खाली घसरत जातो आणि बंगालच्या उपसागराच्या तळावर सुमारे ३,००० किलोमीटर लांब पसरलाय. सागरी मैदानं सपाट दिसतात ती अशा गाळानेच. खालचा खडबडीत खडक त्यात गाडला गेलाय.

गर्ता कोरलेली नसते. एक भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा अवाढव्य तुकडा, दुसऱ्याखाली दबून घुसतो, तिथे ती तयार होते. पॅसिफिकमधली मेरियाना गर्ता ११ किलोमीटरच्या जवळ खोल आहे. सुमात्रा-जावाच्या बाजूने जाणारी सुंदा गर्ता म्हणजे तीच जागा, जिथल्या भूपट्टांनी २००४ चा भूकंप घडवला. ‘दरी’ लिहिलंत तर मुलाला हे कधीच जुळवता येणार नाही. शब्द अवघड वाटला तर शेजारी चित्र काढा.

अवांतर: अरबी समुद्र आणि हिंदी महासागरातल्या पर्वतरांगेचं नाव कार्ल्सबर्ग रिज. डेन्मार्कच्या ज्या मोहिमेत ती सापडली तिला बिअरवाल्या कार्ल्सबर्गच्या प्रतिष्ठानाने पैसे दिले होते. अरबी समुद्राच्या तळाशी सी. व्ही. रमण यांच्या नावाची एक रांग आणि भूशास्त्रज्ञ वाडियांच्या नावाचा एक सपाट माथ्याचा डोंगरही आहे. फलकावर तेही टाका, पोरांना आवडेल.

किनारपट्टी

प्रवाहाच्या फलकावर अटलांटिकमधला गल्फ स्ट्रीम असणारच, पण आपल्या दाराशी जे घडतं ते जास्त मजेशीर आहे. बहुतेक महासागरांत प्रवाहांची दिशा वर्षभर तीच राहते. अरबी समुद्रात ती मोसमी वाऱ्याबरोबर उलटते. सोमालियाजवळचा प्रवाह पावसाळ्यात ईशान्येकडे जोरात वाहतो, हिवाळ्यात नैऋत्येकडे. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा पावसाळ्यात दक्षिणेकडे, हिवाळ्यात उत्तरेकडे.

पावसाळ्यात दक्षिणेकडे ढकललं जाणारं वरचं पाणी पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून लांब सरकतं. त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी वर येतं आणि सोबत तळातलं खत आणतं. केरळपासून गोव्यापर्यंत तारली-बांगड्याचं पोट त्यावर भरतं. इंग्रजीत याला अपवेलिंग म्हणतात. मराठीत?

वसईचा_वारा

‘उमाळा’. खालून वर येणाऱ्या पाण्याला जुना शब्द आहे, विहिरीच्या झऱ्यालाही म्हणतात.

भूगोलमास्तर

शब्द गोड आहे, पण उमाळा एकदम येतो. हे पाणी दिवसाला जेमतेम काही मीटर वर चढतं, महिनोन्‌महिने.

रापणकर

मग ‘पाणी वर येणं’ लिहा. जाळ्यात मासा लागला की आम्ही एवढंच म्हणतो.

वसईचा_वारा

उमाळ्यावर मी ठाम आहे. विहिरीतलाही महिनोन्‌महिने चालू असतो, मास्तर.